भीती गेली, पण भीड राहिली

जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, ट्रेनिंग द्यायला कोणी आलं की हे ऐकावं लागतं: ‘कामगारांना मानसिक सुरक्षितता द्या, म्हणजे कोणाला रागावू नका.’ या दोन गोष्टींची गल्लत आता थांबायला हवी.

गोडीगुलाबी सगळ्यांनाच ठाऊक आहे. मालक गेटवर ‘जेवले का भाऊ?’ विचारतो, दिवाळीला मिठाई देतो. चांगलंच आहे ते.

मानसिक सुरक्षितता मोजायची ती वाईट बातमी वर पोचते का, यावरून. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या एमी एडमंडसन यांनी दवाखान्यांतल्या औषध देण्याच्या चुका तपासल्या. चांगल्या टीमच्या चुका कमी निघतील, असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे आले. उलगडा असा, की त्या टीम चुका लपवत नव्हत्या, म्हणून जास्त दिसत होत्या. पुढे 1999 मध्ये त्यांनी एका कंपनीतल्या 51 टीमवरचा अभ्यास छापला. टीममध्ये बोलायची जोखीम घेता येते ही सगळ्यांची समजूत, अशी त्यांची व्याख्या आहे. त्यात गोड बोलण्याची अट कुठेच नाही.

आता आपल्याकडे या. कापसात खडा किंवा लोखंडाचा तुकडा येतो, मशीनमध्ये घासतो, ठिणगी उडते आणि रुई आतल्या आत धुमसते. जळका वास आधी येतो तो मशीनवर कापूस टाकणाऱ्या बाईला. मालक खेकसणारा असेल तर ती भीतीपोटी गप्प बसते, हे कोणालाही समजतं. मालक गोड असला तरी ती गप्प बसते, हे मात्र कोणी ध्यानात घेत नाही. ‘एवढा चांगला माणूस, त्याची मशीन उगीच काहून बंद पाडू?’ ही भीड. गोडीने भीती जाते, भीड वाढते. आगीला दोन्ही सारख्याच.

(विश्वास वेगळा. तो एका माणसावर असतो, मानसिक सुरक्षितता ही अख्ख्या टीमची गोष्ट आहे. इतकं पुरे.)

शिस्त सैल करणं हाही याचा अर्थ नाही. आमचा एक मुकादम तोंडाचा फटकळ. ढिगाजवळ बिडी दिसली की त्या दिवशी घरी पाठवायचा. एकदा एका बाईने वास आला म्हणून मशीन थांबवली. काहीच निघालं नाही, अर्धा तास वाया गेला. तो सगळ्यांसमोर म्हणाला, “पुन्हा वास आला तं पुन्हा बंद करजो.”

त्या हंगामात मशीन आणखी तीनदा थांबली. दोनदा काही सापडलं नाही. तिसऱ्यांदा रुई धुमसत होती.