चिलटं जिथे चिकटली नाहीत

ऑक्टोबर 1969. ऑस्ट्रियात झेल्टवेगच्या ट्रॅकवर पोर्शे 917 या शर्यतीच्या गाडीच्या चाचण्या चालल्या होत्या. फेऱ्या मारून आलेली गाडी अभियंते जॉन हॉर्समन न्याहाळत होते. नाकावर, काचेवर चिलटांचा नुसता चिखल झाला होता. शेपटीवरच्या पट्ट्या मात्र स्वच्छ. संध्याकाळी शेताकडच्या रस्त्याने दुचाकीवरून आलेल्या कुणालाही यातली गोम कळेल. चिलटं हवेसोबत येतात. पट्ट्यांवर ती नव्हती, म्हणजे तिथे हवाच पोचत नव्हती. गाडी जमिनीवर दाबून धरणं हे ज्या पट्ट्यांचं काम, त्यांच्या डोक्यावरून वारा निघून जात होता.

पोर्शेचे अभियंते फर्डिनांड पिएख यांच्या देखरेखीखाली घडलेली 917 म्हणजे वजनाशी मांडलेलं युद्धच. 4.5 लिटरचं, 12 सिलिंडरचं, हवेने थंड होणारं इंजिन आणि ते पेलणारा ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा 50 किलोंच्या आत. काही गाड्यांच्या नळ्यांत दाबाने वायू भरत आणि दाबमापक चालकाला दिसेल असा बसवत. काटा उतरला की समजायचं, कुठेतरी नळी तडकली. गिअरची मूठसुद्धा बाल्सा लाकडाची! चार-दोन ग्रॅमसाठी केलेली ही धडपड मला फार भावते.

आकाराने मात्र घात केला. हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणून शेपटी लांब आणि उतरती ठेवली होती. फुगीर पाठीवरून जाताना हवेचा वेग वाढतो, दाब घटतो आणि विमानाच्या पंखासारखी गाडीही वर उचलली जाते. ताशी 300 किलोमीटरच्या पुढे मागची चाकं हलकी पडत. सरळ रस्त्यावरही गाडी सरळ राहीना. 1969 मध्ये फ्रान्सच्या ले मां इथल्या 24 तासांच्या शर्यतीत पहिल्याच फेरीत 917 ला अपघात होऊन चालक जॉन वुल्फ यांचा जीव गेला.

झेल्टवेगला त्या चिलटांवरून धागा मिळाला. ॲल्युमिनियमचे पत्रे, रिव्हेट आणि चिकटपट्टी घेऊन ट्रॅकवरच शेपटी आखूड आणि वर चढती केली. अडथळा थोडा वाढला, पण गाडी रस्ता धरून पळू लागली. 1970 मध्ये आखूड शेपटीच्याच 917 मधून हान्स हेरमान आणि रिचर्ड ॲटवुड यांनी पोर्शेला ले मांचं पहिलं सर्वसाधारण विजेतेपद मिळवून दिलं.

या मालिकेतली पहिली गाडी, 917-001, मार्च 1969 मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात आली ती पांढऱ्या अंगाची आणि हिरव्या नाकाची. पुढे तिलाही आखूड शेपटी लावून विजेत्या गाडीचा लाल-पांढरा रंग दिला गेला. 2019 मध्ये 917 ला 50 वर्षं होत होती, त्यानिमित्त पोर्शेने तिला पुन्हा जिनिव्हाच्या रूपात आणायचं ठरवलं. त्यासाठी यशस्वी ठरलेली शेपटी उतरवून फसलेली शेपटी नव्याने घडवावी लागली. मला हे अगदी योग्य वाटतं. आखूड शेपटीच्या 917 इतरत्र बघायला मिळतात. हॉर्समन यांनी काय दुरुस्त केलं, हे मात्र त्या लांब, उतरत्या पाठीशेजारी उभं राहिल्यावरच दिसतं.