चौऱ्याहत्तर की एकवीस?

जड वाहनाच्या लायसन्ससाठी कागलकडचा एखादा पोरगा कोल्हापुरात डॉक्टरांपुढं बसतो. समोर रंगीत ठिपक्यांचं पान. डॉक्टरांना त्यात ७४ दिसतो, त्याला २१. चार हंगाम उसाच्या गाडीवर किन्नर (क्लीनर) म्हणून काढले, पण आपलं लाल-हिरवं इतरांसारखं नाही हे त्याला त्या खुर्चीतच कळतं.

हे ठिपके १९१७ चे, टोकियोच्या शिनोबू इशिहारांचे; मूळ गरज जपानी लष्कराची. त्याआधी रंगांधळेपणाची चाचणी लोकरीवर व्हायची. १८७५ साली स्वीडनमध्ये लागरलुंडाजवळ दोन रेल्वेगाड्या समोरासमोर धडकल्या, नऊ माणसं गेली. उप्सालाचे प्राध्यापक होल्मग्रेन यांनी संशय घेतला तो सिग्नलचा रंग न कळण्यावर. रेल्वे नोकरांपुढं ते लोकरीच्या लडी टाकत आणि जुळत्या रंगाच्या वेचायला सांगत. त्या अपघाताचं खरं कारण तेच होतं का, यावर अभ्यासकांनी पुढं शंका घेतली. चाचणी मात्र रुजली. कोल्हापूर-मिरज मार्गावर १८९१ मध्ये गाडी सुरू झाली, तोवर युरोपातल्या रेल्वेत ती ओळखीची झाली होती.

आपल्याकडं रस्त्यावरच्या ड्रायव्हरसाठी १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या फॉर्मवर एका ओळीचा प्रश्न होता: लाल आणि हिरवा ओळखता येतो का? हो किंवा नाही. दोष सगळ्यांचा सारखा नसतो, हे कागदावर यायला जून २०२० उजाडलं. सौम्य आणि मध्यम दोषाला तेव्हा परवानगी मिळाली, तीव्र दोषाला नाही.

माझ्या मते त्या प्रश्नाचा रोखच चुकलेला. दसरा चौकात दिवसा लाल वर, हिरवा खाली. जागेवरून कुणालाही कळतं. पंचाईत रात्री, लांबून एकटाच दिवा लुकलुकतो तेव्हा: पिवळा की लाल? काहींना तर लाल मुळातच मंद दिसतो, त्यामुळं पुढच्या गाडीचा ब्रेक लाइट ध्यानात यायला उशीर होतो. (उसाच्या ट्रॉलीला मागं दिवाच नसला, तर तिथं सगळेच सारखे.)

नोकरीचा प्रश्न वेगळा. तेलंगणाच्या एसटीतल्या एका ड्रायव्हरला रंगांधळा ठरवून घरी बसवलं होतं. त्याला दुसरं काम द्या, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २०२५ मध्ये दिला. अशा ड्रायव्हरला पर्यायी काम देण्याचं कलम तिथल्या १९७९ च्या कामगार करारात होतंच. शिरोली नाक्यावर मालकाच्या ट्रकवर चालणाऱ्याकडं असा कुठलाच करार नसतो.