गळती म्हणजे रस्त्यावरचं कारंजं? नाही हो!

पाइपलाइन फुटली, रस्त्यावर कारंजं उडालं की लगेच व्हिडिओ फिरतो, 'बघा, पालिकेचं पाणी असंच वाया जातं'. पण बहुतेक पाणी तिथे जातच नाही. मोठी लाइन फुटली की सगळ्यांना दिसतं, बोंब होते, काही तासांत व्हॉल्व्ह बंद होतो. खरा चोर म्हणजे जमिनीखालचा जॉइंट नाहीतर घराच्या कनेक्शनची फेरूल (मोठ्या लाइनला घराचा पाइप जोडणारा छोटा तुकडा). मिनिटाला फक्त २ लिटर धरा, दिवसाला २,८८० लिटर, सहा महिन्यांत पाच लाखांच्या वर, आणि वर रस्ता कोरडा ठणठणीत, कारण पाणी खाली मुरतं किंवा सरळ गटारात.

मग सापडते कशी? रात्री २ ते ४ च्या दरम्यान, लोक झोपलेले असताना त्या भागाच्या मुख्य लाइनच्या मीटरवर फ्लो बघतात, तेव्हाही जास्त असेल तर कुठेतरी गळतंय. मग एकेक व्हॉल्व्ह बंद करत जायचं, ज्याच्या बंद होण्याने आकडा धाडकन खाली येतो तो भाग पकडायचा आणि तिथे स्टीलचा रॉड पाइपला टेकवून दुसऱ्या टोकाला कान लावायचा, सूंऽऽ असा आवाज येतो (गाड्यांच्या गोंगाटात दिवसा कठीणच). मात्र लाइनमध्ये प्रेशर पाहिजे, आपल्याकडे पाणीच दोन तास येतं तिथे ऐकणार कधी?