भूतानच्या दारातला कागद

पश्चिम बंगालच्या सीमेवरच्या जयगावात आपल्या घड्याळात साडेआठ वाजलेले असतात तेव्हा कमानीपलीकडे भूतानच्या फुंटशोलिंगमध्ये नऊ वाजतात. भूतान आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे आहे आणि तिथलं इमिग्रेशनचं ऑफिस अर्थातच भूतानच्या घड्याळाने उघडतं. पुण्याहून किंवा नाशिकहून सव्वादोन-अडीच हजार किलोमीटर गाडी हाणत आलेला माणूस 'नऊला उघडतंय ना, पावणेनऊला पोचू' असा हिशेब करतो. पोचतो तेव्हा प्रवेश परवान्याच्या रांगेत पुढे तीस-चाळीस माणसं उभी. त्यातून शनिवार-रविवार किंवा भूतानच्या राजाचा वाढदिवस मध्ये आला, तर जयगावच्या लॉजमध्ये मुक्काम आणि समोरच्या हिरव्या डोंगराकडे बघत बसणं, असा कार्यक्रम पूर्वी कित्येकांचा झालेला आहे.

रांगेत हमखास एक जण असतो, ज्याच्याकडे आधार कार्ड असतं आणि मतदार ओळखपत्र घरी कपाटात असतं. आधार तिथे चालत नाही. पासपोर्ट नाही तर मतदार ओळखपत्र, दोनच कागद ग्राह्य. लहान मुलांसाठी जन्मदाखला, तोही इंग्रजीत. झेरॉक्सवाल्यांचा धंदा जयगावात का चालतो, ते पाच मिनिटांत कळतं.

भारतीयाला भूतानचा व्हिसा लागत नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. मग हा परवाना कशासाठी, आणि गाडीचा पुन्हा वेगळा कशासाठी, असं रांगेत कोणीतरी विचारतंच. उत्तर शोधायला दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

जयगाव ज्या पट्ट्यात आहे त्याला दुआर म्हणतात. दुआर म्हणजे दार. हिमालयातून मैदानात उतरणाऱ्या नदीखोऱ्यांची ही तोंडं. अशी अठरा दारं मोजली जात, अकरा बंगालच्या बाजूला आणि सात आसामच्या. आपल्याकडे बोरघाट-थळघाट ज्याच्या हातात त्याच्याकडे कोकण आणि देशामधल्या व्यापाराची किल्ली, तसंच हे. ती दारं आणि त्यांच्यापुढची सुपीक जमीन दीर्घकाळ भूतानच्या हाताखाली होती. आसामकडची इंग्रजांनी आधीच घेतली होती. मग १८६४-६५ मध्ये युद्ध झालं आणि नोव्हेंबर १८६५ च्या सिंचुलाच्या तहात बंगालकडचीही गेली. बदल्यात इंग्रज सरकार भूतानला वर्षाला रक्कम देऊ लागलं, ती वाढत पन्नास हजार रुपयांवर जायची होती. जिथे आज डुआर्सच्या चहाचे मळे दिसतात आणि हासीमारा स्टेशनवर आपण उतरतो, ती सगळी या तहातली जमीन. म्हणजे भूतानची कमान आज जिथे उभी आहे, तिथे त्यांची हद्द युद्धात हरल्यामुळे येऊन थांबलेली आहे. परवान्याबद्दल भूतानी माणूस इतका काटेकोर का, याची सुरुवात मला तरी इथे दिसते.

८ ऑगस्ट १९४९ रोजी दार्जिलिंगला स्वतंत्र भारत आणि भूतान यांचा करार झाला. वार्षिक रक्कम पाच लाख झाली आणि देवानगिरीचा बत्तीस चौरस मैलांचा तुकडा भूतानला परत मिळाला. पुढच्याच वर्षी भारत-नेपाळ करार झाला, आणि त्याच्या सातव्या कलमाने दोन्हीकडच्या नागरिकांना एकमेकांच्या देशात राहण्या-फिरण्याची, मालमत्ता घेण्याची मोकळीक दिली. भूतानशी झालेल्या करारात तसं काही नाही. रक्सौलला भारतीय माणूस चालत नेपाळात जातो, कोणी कागद मागत नाही. गाडी नेली तर मात्र 'भन्सार', म्हणजे जकात, भरावा लागतो आणि वर्षाला तीस दिवसांची मर्यादा पडते. नेपाळने माणूस मोकळा सोडून गाडी अडवली. भूतानने दोन्ही आपल्या हातात ठेवलं.

तसं त्या काळी अडवायला गाडी होतीच कुठे? भूतानमध्ये मोटारीचा रस्ता नव्हता. १९५८ च्या सप्टेंबरमध्ये जवाहरलाल नेहरू भूतानला गेले ते सिक्कीममधून नाथू ला ओलांडून, तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून, घोड्यांवर आणि याकांवर बसून. भारताच्या पंतप्रधानाला शेजारच्या देशात जायला तिसऱ्याच देशातून जावं लागत होतं. पुढच्या वर्षी तिबेटमध्ये उठाव झाला, दलाई लामा भारतात आले, आणि भूतानने आपलं उत्तरेचं दार लावून घेतलं. मीठ आणि लोकर घेऊन तिबेटकडे जाणारे शतकानुशतकांचे रस्ते थांबले. उरलं ते दक्षिणेकडचं दार.

ते उघडलं 'दंतक'ने. आपल्या सीमा रस्ते संघटनेचा हा प्रकल्प १९६१ मध्ये भूतानसाठीच उभा राहिला. फुंटशोलिंगहून थिंफूला जायला खेचरांवर सहा दिवस लागायचे. त्या दशकात तिथे रस्ता झाला आणि प्रवास दिवसभराच्या आत आला. आजही त्या वळणांवर दंतकचे पिवळे फलक दिसतात, ओव्हरटेक करू नका असं यमकात सांगणारे. रस्ता भारताने बांधून दिला. त्यावरून कोण येणार, हे ठरवायचं काम भूतानने स्वतःकडे ठेवलं.

पर्यटक मात्र अजून नव्हते. जून १९७४ मध्ये जिग्मे सिंग्ये वांगचुक यांचा राज्याभिषेक झाला, बाहेरच्या पाहुण्यांसाठी थिंफू-पारोत राहायची सोय करावी लागली, आणि सोहळा संपल्यावर त्याच खोल्यांमध्ये परदेशी पर्यटक उतरवायला सुरुवात झाली. दर दिवसाला एकशे तीस डॉलर. १९७४ च्या मानाने ही रक्कम डोळे पांढरे करणारी होती, आणि हेतूही तोच होता. हे पर्यटकसुद्धा फुंटशोलिंगच्याच दारातून, रस्त्याने येत. पारोचं विमान १९८३ मध्ये सुरू झालं.

इथे दोन रांगा झाल्या. गोऱ्या पाहुण्यांसाठी डॉलर, ठरलेली सहल, सोबत गाइड. भारतीयांसाठी साधा परवाना. शेजारी, रस्ता बांधून देणारे, विकास योजनांना पैसा देणारे, ज्यांच्या रुपयाला भूतानचा ङुल्ट्रम १९७४ पासून एकास एक जखडलेला, त्यांच्याकडून डॉलर कसे मागणार? फॉर्म, फोटो, ओळखपत्र दिलं की थिंफू आणि पारोपुरता सात दिवसांचा शिक्का मिळे. पुनाखाला किंवा पलीकडे जायचं तर थिंफूला पुन्हा अर्ज. गाडीसाठी फुंटशोलिंगच्याच परिवहन कार्यालयात आरसी, लायसन्स, विमा आणि पीयूसी दाखवून मार्ग-परवाना घ्यायचा, शुल्क किरकोळ. तो काचेवर चिकटवून पाच किलोमीटर वर गेलं की रिंचेंडिंगचा नाका लागतो. खरी सीमा तिथेच, असं म्हणायला हरकत नाही. फुंटशोलिंगच्या बाजारात जयगावचा माणूस सहज भाजी घेऊन यायचा, पण रिंचेंडिंगच्या पुढे शिक्का नसलेली एमएच पासिंगची गाडी जात नसे.

या कागदी शिस्तीला एक काळी कडाही आहे. आधी सिक्कीम १९७५ मध्ये भारतात विलीन झालं होतं, आणि भूतानच्या राजवटीने त्यातून घ्यायचा तो अर्थ घेतला. मग १९८५ च्या नागरिकत्व कायद्यानंतर दक्षिण भूतानमधल्या नेपाळी भाषिकांकडे जुने पुरावे मागितले गेले, आणि नव्वदच्या दशकात एक लाखाच्या आसपास लोक पूर्व नेपाळमधल्या छावण्यांत जाऊन पडले. पर्यटकाचा परवाना आणि हे प्रकरण एक नव्हे. पण कोण आतला, कोण बाहेरचा, हे कागदावर ठरवायची सवय देशाला कशी लागली, हे सांगताना हे गाळून चालणार नाही.

डिसेंबर २००३ मध्ये भूतानच्या सैन्याने दक्षिणेच्या जंगलात तळ ठोकलेल्या उल्फा, बोडो आणि कामतापुरी अतिरेक्यांवर कारवाई केली. तिच्या स्मरणार्थ थिंफू-पुनाखा रस्त्यावरच्या दोचुला खिंडीत १०८ चोर्तेन, म्हणजे बौद्ध स्तूप, बांधले गेले. आज तिथे गाडी थांबवून फोटो काढला नाही असा मराठी पर्यटक विरळा. या चोर्तेनांची गोष्ट पुढे पुन्हा येते.

दरम्यान गाड्यांच्या बाबतीत एक मोठा प्रयत्न होऊन गेला. १५ जून २०१५ रोजी थिंफूलाच बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ यांनी मोटार वाहन करारावर सह्या केल्या. एका देशाची गाडी दुसऱ्यात सुरळीत जावी, सीमेवर माल उतरवून पुन्हा चढवायला लागू नये, अशी कल्पना. पण नॅशनल कौन्सिलने, म्हणजे भूतानच्या संसदेच्या वरच्या सभागृहाने, २०१६ मध्ये त्याला नकार दिला. अरुंद रस्ते, प्रदूषण, आणि आमच्या ट्रक-टॅक्सीवाल्यांच्या पोटावर पाय, ही कारणं. २०१७ मध्ये भूतानने बाकीच्या तिघांना सांगून टाकलं, तुम्ही पुढे व्हा. ज्या गावात सह्या झाल्या त्याच गावाने अंग काढून घेतलं. आपल्याकडे यावर थोडी नाराजी उमटली. मला तो नकार समजतो. माथेरानमध्ये मोटार सोडायची की नाही यावर आपण इतकी वर्षं वाद घालतो, इथे तर अख्खा देश आहे.

आणि देश केवढा? २०१७ च्या जनगणनेत लोकसंख्या ७ लाख २७ हजार, आपल्या कल्याण-डोंबिवलीपेक्षा कमी. २०१९ मध्ये तिथे ३ लाख १५ हजारांवर पर्यटक आले, आणि त्यातल्या दर चौघांत तीन जण शेजारी देशांतले, बहुतेक भारतीय. म्हणजे डॉलरवाल्यांना गाळणारी चाळणी शाबूत होती, पण शेजारच्या मोकळ्या रांगेतून लोंढा आत येत होता. बागडोगरा विमानतळाहून टॅक्सी करून येणारे होते, स्वतःच्या गाडीतून डिक्कीत गॅसची शेगडी घेऊन येणारे होते, बुलेटचे ताफे होते.

ऑक्टोबर २०१९ मध्ये अशाच एका ताफ्यातला महाराष्ट्राचा दुचाकीस्वार दोचुलाच्या एका चोर्तेनवर शिडी लावून चढला आणि त्याने फोटो काढून घेतला. चोर्तेनला उजवीकडून प्रदक्षिणा घालतात, त्यावर पाय ठेवत नाहीत. फोटो पसरला, पोलिसांनी चौकशी केली, त्याने माफी मागितली. एका माणसाच्या आगाऊपणाने कायदे बदलत नाहीत, शेजारी पर्यटकांवर शुल्क लावायचा विचार आधीपासून चालू होताच. पण थिंफूत आणि मोबाइलवर जी चर्चा चालू होती तिला दाखवायला एक चित्र मिळालं, आणि ते चित्र आपल्या गाववाल्याचं होतं.

२०२० च्या सुरुवातीला भूतानच्या संसदेने कायदा केला: भारत, बांगलादेश आणि मालदीवच्या पर्यटकांनी जुलैपासून रात्रीला माणशी १२०० ङुल्ट्रम भरायचे. पैसे गोळा व्हायच्या आधीच कोरोना आला आणि मार्चमध्ये कमानीखालची वाहतूक थांबली, ती अडीच वर्षं. एरवी जयगावचा बाजार भूतानी गिऱ्हाइकांवर चालतो. तिथे या काळात काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको.

२३ सप्टेंबर २०२२ रोजी दार पुन्हा उघडलं तेव्हा रांगेची रीतच बदलली होती. बाकीच्या जगासाठी एका रात्रीचं सरकारी शुल्क ६५ डॉलरवरून २०० झालं (वर्षभरात ते १०० वर आणावं लागलं), आपल्यासाठी १२०० कायम. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं, त्याहून लहानांना माफ. थिंफू-पारोच्या पलीकडे जायचं तर गाइड. पायी येणाऱ्यांसाठी वेगळं टर्मिनल. गेलेफू, सामद्रुप जोंगखार आणि सामत्सेची दारंही पर्यटकांसाठी उघडली. आणि भारतीय गाडीला दिवसाला ४५०० ङुल्ट्रम.

हा शेवटचा आकडा मुद्दाम मांडून बघण्यासारखा आहे. नवरा-बायको, आठ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा, पाच रात्री. माणसांचे होतात पंधरा हजार. गाडीचे सहा दिवसांचे सत्तावीस हजार. माणसांपेक्षा गाडी महाग पडते.

म्हणून आता बरेच जण स्वतःची गाडी जयगावात पार्किंगला लावतात, बॅगा ओढत टर्मिनलमधून पलीकडे जातात आणि बीटी पासिंगची भूतानी टॅक्सी ठरवतात. नुसती फुंटशोलिंगची गल्ली बघून, थुक्पा खाऊन परतायचं असेल तर रात्रीचं शुल्क लागत नाही. रिंचेंडिंगच्या नाक्यावर टॅक्सी थांबते, ड्रायव्हर सगळ्यांचे कागद गोळा करून खिडकीशी नेतो, आणि गाडीत बसलेल्यांपैकी कोणीतरी मनगटावरचं घड्याळ अर्धा तास पुढे करतं.