दुर्गम वस्तीत राहणं ही ‘हौस’ नव्हे

ऑस्ट्रेलियातल्या दुर्गम ॲबोरिजिनल (मूळ रहिवाशांच्या) वस्त्यांत राहणं ही तिथल्या लोकांची हौस, करदात्यांनी ती का पोसावी? तत्कालीन पंतप्रधान टोनी ॲबट 2015 मध्ये असंच बोलले आणि हा समज पक्का झाला. तो चुकीचा आहे. ख्रिस्ती मिशनच्या आणि सरकारी वसाहतींत नेलेली कितीतरी कुटुंबं 1970च्या दशकात पूर्वजांच्या भूमीवर परतली. ती भूमी राखणं हे त्यांचं कर्तव्यच.

आणि वस्ती आपोआप ओस पडत नाही. 2014 मध्ये केंद्राने वीज, पाणी, कचरा यांचा भार पश्चिम ऑस्ट्रेलिया या राज्यावर टाकला, तोही एकरकमी 9 कोटी डॉलर देऊन. राज्याने लगेच 274 पैकी 150 पर्यंत वस्त्या बंद होतील, असं सांगितलं. याच राज्यातल्या ऊम्बुलगुरी वस्तीत हे आधीच घडलं होतं: दुकान, दवाखाना, शाळा बंद, मग वीज-पाणी तोडलं, 2014 मध्ये घरंही पाडली. बोअरचा पंप जनरेटरवर चालत असेल, तर डिझेल थांबताच नळ कोरडा पडतो.