एकोणीस मोठी, एक लहान

सम तिथीला स्त्रीसंग झाला तर मुलगा, विषम तिथीला झाला तर मुलगी, हा दावा अजूनही कीर्तनांतून ऐकू येतो आणि व्हॉट्सॲपवर फिरतो. दुसरीही मुलगीच झाली की सगळ्या नजरा सुनेकडे वळतात. शाळेत एक्स-वाय शिकून चांगले गुण मिळवलेली माणसंही यात असतात, याचा मला संताप येतो. बाळाचं लिंग शुक्राणूवर ठरतं, हा निष्कर्ष सूक्ष्मदर्शकाखाली मोजदाद करून १९०५ मध्येच निघाला होता. तो काढला अमेरिकी जीवशास्त्रज्ञ नेटी स्टीव्हन्स यांनी, आणि त्यांचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही.

त्याआधी विज्ञान काय म्हणत होतं, तेही पाहण्यासारखं आहे. पॅट्रिक गेडिस (हेच पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले) आणि आर्थर थॉमसन यांनी १८८९ मध्ये मांडलं की नर म्हणजे शक्ती खर्च करणारा आणि मादी म्हणजे शक्ती साठवणारी, शांत, निष्क्रिय. वाढीच्या काळात पोषण भरपूर मिळालं तर मादी घडते, कमी पडलं तर नर. तिथून त्यांनी थेट राजकारणात उडी मारली: आदिम एकपेशीय जीवांमध्ये जे ठरून गेलं, ते संसदेच्या कायद्याने रद्द होणार नाही. म्हणजे बाईने घर सांभाळावं ही समाजाची समजूत आधी पेशीत घातली आणि मग पेशीतूनच पुरावा म्हणून बाहेर काढली.

स्टीव्हन्स यांचा जन्म १८६१ चा, अमेरिकेतल्या व्हरमाँटचा. वडील सुतार. शाळेत शिकवून पैसे साठवले आणि वयाच्या पस्तिशीत त्या स्टॅनफर्डला शिकायला गेल्या. १९०३ मध्ये ब्रिन मॉर कॉलेजातून पीएचडी. मग त्यांनी निरनिराळ्या कीटकांच्या पेशी तपासायला घेतल्या. त्यांतला एक टेनेब्रिओ नावाचा काळा भुंगेरा. याच्या पिवळसर अळ्या साठवणीच्या पिठात आणि कोंड्यात वाढतात.

आता खरी गंमत. भुंगेऱ्याचं वृषण काढायचं, रसायनात घालून पेशी आहेत त्या अवस्थेत थिजवायच्या, मेणात बसवून अतिशय पातळ काप काढायचे, ते रंगवायचे. विभाजनाच्या ऐन क्षणी सापडलेल्या पेशीत गुणसूत्रं (आनुवंशिक गुण वाहून नेणारे धागे) आखूड, जाड, गडद दिसतात आणि तेव्हाच ती मोजता येतात. शुक्राणू तयार होताना अर्धसूत्री विभाजन होतं: आधी सारखी गुणसूत्रं जोडीने एकत्र येतात, मग जोडीतलं एक इकडे आणि एक तिकडे जातं. टेनेब्रिओत अशा दहा जोड्या. नऊ जोड्या बरोबर जुळत होत्या. दहावीत एक मोठं आणि एक अगदी लहान, जणू एका पायात मोठ्या माणसाची चप्पल आणि दुसऱ्यात पोराची. जोडी फुटली की निम्म्या शुक्राणूंत दहाही मोठी गुणसूत्रं जाणार, उरलेल्या निम्म्यांत नऊ मोठी आणि ते एक लहान.

इथे थांबल्या असत्या तर ते केवळ एक चमत्कारिक निरीक्षण राहिलं असतं. स्टीव्हन्स यांनी नर आणि मादी दोघांच्याही शरीराच्या साध्या पेशी तपासल्या. मादीत वीस मोठी. नरात एकोणीस मोठी, एक लहान. बेरीज करून पाहा. प्रत्येक स्त्रीबीजात दहा मोठी असणार, कारण मादीकडे लहान गुणसूत्र नाहीच. त्याला दहा मोठी असलेला शुक्राणू मिळाला तर वीस मोठी, म्हणजे मादी. लहानवाला मिळाला तर नर. त्या लहान गुणसूत्रालाच आज आपण वाय म्हणतो आणि त्याच्या जोडीतल्या मोठ्याला एक्स.

मादीच्या पेशी नीट मोजणं किती मोलाचं होतं, हे प्राणिशास्त्रज्ञ क्लॅरेन्स मॅकक्लंग यांच्या उदाहरणावरून कळतं. गुणसूत्रांचा लिंगाशी संबंध असावा हे त्यांनी आधीच ओळखलं होतं. पण नाकतोड्याच्या मादीची मोजणी चुकलेली असल्यामुळे त्यांना वाटलं की ‘जादा’, म्हणजे नरात जोडीदाराविना दिसणाऱ्या गुणसूत्रामुळे नर होतो. बरोबर उलटं. जीवशास्त्रज्ञ एडमंड विल्सन १९०५ मध्येच स्वतंत्रपणे स्टीव्हन्स यांच्यासारख्या निष्कर्षाकडे आले होते आणि पुढे बराच काळ श्रेयही मुख्यतः त्यांच्याच नावावर राहिलं.

माणसातही एक्स-वायचाच हिशेब. वायवर एसआरवाय नावाचा जनुक असतो, तो १९९० मध्ये सापडला. गर्भाच्या सुरुवातीच्या जननग्रंथी दोन्हीकडे वळू शकतात. एसआरवाय सुरू झाला की तो सॉक्स९ या दुसऱ्या जनुकाला चालना देतो आणि त्या ग्रंथींचं वृषण होऊ लागतं. फळमाशीत मात्र वाय असूनही लिंग ठरतं ते एक्सच्या संख्येवर, आणि पक्ष्यांत एकमेकांपेक्षा वेगळी असलेली लिंग-गुणसूत्रांची जोडी नराकडे नाही, मादीकडे असते. माणसाचं विचाराल तर शुक्राणूत एक्स आहे की वाय याची वाटणी वृषणात होते, तिथी त्यात कुठेच येत नाही. गर्भ राहिल्यावर ‘मुलगा होण्याचं औषध’ विकणारा माणूस शुद्ध फसवणूक करतो.

४ मे १९१२ रोजी स्टीव्हन्स कर्करोगाने गेल्या. त्यांच्यासाठी ब्रिन मॉरने खास संशोधनाचं पद निर्माण केलं होतं, ते स्वीकारायलाही वेळ मिळाला नाही. मृत्युलेख लिहिला आनुवंशशास्त्रज्ञ टॉमस मॉर्गन यांनी. त्यात चिकाटी, निष्ठा, बारीक निरीक्षण यांचं कौतुक आहे आणि एका महत्त्वाच्या शोधात त्यांचा ‘वाटा’ होता असं म्हटलंय. स्टीव्हन्स यांचं काम प्रसिद्ध झालं तेव्हा गुणसूत्रांच्या या कल्पनेवर खुद्द मॉर्गन यांचाच विश्वास नव्हता. १९१० मध्ये पांढऱ्या डोळ्यांची फळमाशी सापडल्यावर त्यांचं मत पालटलं आणि १९३३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

चिकाटी बाईची आणि प्रतिभा पुरुषाची, ही वाटणी आपल्या प्रयोगशाळांतही आहे. प्रॅक्टिकलच्या गटात मुलगा उपकरण जुळवतो, मुलगी वहीत आकडे टिपते आणि सुबक आकृत्या काढते. शिक्षकांनी ही कामं दर आठवड्याला आलटून पालटून द्यावीत. आणि शिफारसपत्रात ‘अत्यंत मेहनती मुलगी’ असं लिहिताना, तिने स्वतःहून कोणता प्रश्न विचारला आणि त्यासाठी कोणती तुलना करून पाहिली, तेही त्याच पत्रात लिहावं.