सेन्सरला जंतू दिसत नाहीत

सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या गोव्यात मे महिन्यात टँकरची वाट पाहावी लागते, हे आता अंगवळणी पडलं आहे. पर्वरीतल्या एका गृहसंकुलात तशीच वाट पाहत असताना तिथले एक काका कौतुकानं म्हणाले, "आमचं सांडपाणी शुद्ध करून बागेला नि फ्लशला वापरतो. सेन्सर बसवलाय, जंतू आला की बोंब मारतो."

बोंब मारतो, पण जंतू पाहून नव्हे. ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून पाण्यात येणारे जिवाणू, मोजायचे तर नमुना १८ ते २४ तास उबवावा लागतो. तोवर पाणी हिरवळीत जिरलेलं असतं. जंतू मारणारा पहारेकरी जागेवर आहे का, एवढंच सेन्सर पाहतो.

हा पहारेकरी म्हणजे क्लोरीन, आणि त्याचं वागणं मोठं गमतीचं. पाण्यात त्याची दोन रूपं असतात: हायपोक्लोरस आम्ल आणि हायपोक्लोराइट आयन. जंतूच्या पृष्ठभागावर ऋणभार असतो, आयनावरही ऋणभार. म्हणून तो दूर ढकलला जातो. आम्लाच्या रेणूवर भारच नाही, तो सहज आत घुसतो. पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी ते सांगणारा आकडा, ७.५ च्या आसपास असेल तर दोघं निम्मेनिम्मे, ८.५ ला आम्ल जेमतेम दहावा हिस्सा! पातळ पडदा असलेल्या सेन्सरमध्येही मुख्यतः आम्लाचाच रेणू शिरतो, आतल्या कॅथोड नावाच्या विद्युतअग्रावर दोन इलेक्ट्रॉन घेतो आणि त्यातून वाहणारा इवलासा विद्युतप्रवाह आपण मोजतो. शेजारी पीएचचा सेन्सर नसेल, तर आकड्याचा नीट अर्थ लागत नाही.

सांडपाण्यात त्यात अमोनियाची भर. त्याच्याशी क्लोरीनची क्लोरामाइनं बनतात, आणि ती जंतू मारायला फार वेळ घेतात. क्लोरीनची मात्रा वाढवत नेली की शिल्लक क्लोरीन आधी वाढतो, मग क्लोरामाइनं मोडू लागली की घटतो, आणि ती मोडून झाल्यावर, म्हणजे ब्रेकपॉइंट ओलांडल्यावर, पुन्हा वाढतो. म्हणजे एकच आकडा अगदी वेगवेगळ्या परिस्थितींत दिसू शकतो.

गढूळपणाही मोजावा लागतो, कारण कणांच्या आड जंतू लपतात. त्यासाठी पाण्यात प्रकाश सोडून काटकोनात किती विखुरतो ते पाहतात. मात्र काचेसारखं नितळ पाणी शुद्धच, हा समज खोटा. विषाणू डोळ्यांना दिसत नाहीत.

सेन्सरवर चिकट थर बसतो, मग तो शांतपणे खोटं बोलू लागतो. म्हणून काकांना विचारलं, शेवटचं कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सरचा आकडा बरोबर येतो का याची ताडणी, कधी केलं?

"बसवला तेव्हाच की. गेल्या चवथीच्या आधी."